सुपरचार्जरवाली गाडी ओढत नाही, पी०१७१ पुन्हा पुन्हा येतो: ट्यूनला हात लावण्याआधी काय तपासायचं

लक्षणं बहुतेक वेळा हीच असतात. थंड इंजिन स्टार्ट केलं की आयडलिंग वरखाली होतं. सिग्नलला गाडी थरथरते. साडेतीन हजार आरपीएमच्या पुढे दाबलं की ओढायच्या ऐवजी झटके मारते. ॲव्हरेज पडलेलं असतं आणि चेक इंजिनचा दिवा पुसला तरी आठवड्याभरात परत लागतो. स्कॅनर लावावा तर पी०१७१, म्हणजे मिश्रण लीन: हवा जास्त, पेट्रोल कमी (उलट असेल तर रिच). त्यात गाडीवर आधीच कुणीतरी रिमॅप मारलेला असतो, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरमधली फाइल बदललेली असते, आणि ब्लोअरची (सुपरचार्जरची) पुली छोटी केलेली असते. मालक परत ट्यूनरकडे जातो, ट्यूनर लॅपटॉप जोडून पेट्रोल थोडं वाढवून देतो, चार दिवस बरे जातात आणि मग पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

माझं म्हणणं सरळ आहे. या तक्रारीत फाइलला हात सगळ्यात शेवटी लावायचा. फाइल वाईट असते, नाही असं नाही. पण ती वाईट का झाली हे बघितलं तर बहुतेक वेळा कारण इंजिनाच्या खोलीत सापडतं. गळका पाइप किंवा झिजलेला प्लग तसाच ठेवून त्याच्यावर ट्यून केलं की ट्यून त्या बिघाडाच्या मापाने शिवलं जातं. मग बिघाड वाढला की ट्यून चुकतं, आणि बिघाड काढला तरी चुकतं.

उदाहरणाला मर्सिडीजचं एम२७१ इंजिन घेतो, कारण आपल्याकडे सुपरचार्जरवाली गाडी म्हटलं की बहुतेकदा हीच समोर येते. १७९६ सीसी, चार सिलिंडर, बेल्टवर फिरणारा रूट्स पद्धतीचा ब्लोअर. डब्ल्यू२०३ पिढीच्या सी २०० के मध्ये याची ताकद १६३ हॉर्सपॉवर, नंतरच्या डब्ल्यू२०४ मध्ये १८४. पिंपरीत आणि २००९ नंतर चाकणला जोडलेल्या या गाड्या आता सेकंडहँड बाजारात स्वस्त झाल्यात आणि हौशी मंडळींच्या हातात पडू लागल्यात. गाडी दुसरी असेल, मिनी कूपर एसचं जुनं मॉडेल असेल किंवा बाहेरून किट बसवलेलं काही असेल, तरी तपासणीचा क्रम फारसा बदलत नाही.

बूस्ट गेजवर भरवसा ठेवू नका

टर्बोवरून इकडे आलेल्यांचा इथे हमखास गोंधळ होतो. या ब्लोअरला वेस्टगेट, म्हणजे टर्बोचा बूस्ट आवरणारी झडप, नसतो. क्रँक जितका फिरेल त्या प्रमाणात तो हवा ढकलतो, नको असलेली हवा बायपास फ्लॅपमधून मागे फिरते. गेजवर दिसणारा बूस्ट म्हणजे इंजिनाने न गिळलेल्या हवेचा दाब. एक्झॉस्टमधला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (कॅट) अर्धा बुजला तर बूस्ट वाढलेला दिसतो आणि ताकद मात्र कमी झालेली असते. ‘बूस्ट तर मस्त येतोय’ असं सांगत कुणी गाडी आणली की मी आधी कॅटकडे बघतो. पुढचा ऑक्सिजन सेन्सर काढून त्या भोकात प्रेशर गेज लावायचा. २५०० आरपीएमला ०.२ बारच्या वर दाब दिसला तर एक्झॉस्ट अडलाय.

उलटी बाजू बेल्टची. बूस्ट चार-साडेचार हजारापर्यंत नीट चढतो आणि तिथून पुढे घसरतो, जळक्या रबराचा वास येतो: बेल्ट स्लिप होतोय. छोटी पुली लावली की बेल्टचा पुलीवरचा वेढाही कमी होतो, त्यामुळे जुना टेन्शनर पहिला हार मानतो. बेल्टच्या खाचांमध्ये तेलकटपणा दिसला तर नुसता बेल्ट बदलून उपयोग नाही, तेल कुठून उतरतंय ते शोधा. बायपास फ्लॅप अडकून अर्धवट उघडा राहिला तर मात्र बूस्ट सगळ्याच आरपीएमला कमी राहतो. एवढ्या फरकावरून या दोघांत निवाडा होतो.

गळती नेमकी कुठे, ते ट्रिम सांगतात

पी०१७१ चा खरा उलगडा फ्युएल ट्रिममध्ये असतो आणि तेच कुणी बघत नाही. साधा ब्लूटूथवाला ओबीडी डोंगल आणि मोबाइलवरचं ॲप असलं तरी चालतं. शॉर्ट टर्म ट्रिम म्हणजे ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) पेट्रोलमध्ये या क्षणी करत असलेली दुरुस्ती, प्लस म्हणजे तो पेट्रोल वाढवतोय. लाँग टर्म म्हणजे शिकून साठवलेली. दोन्हींची बेरीज ±५ टक्क्यांत असेल तर गाडी ठीक. ±१० च्या बाहेर गेली तर काहीतरी बिघडलंय. साधारण २५ च्या आसपास गेली की दिवा लागतो. म्हणजे दिवा लागण्याच्या खूप आधीपासून गाडी ओरडून सांगत असते.

आता एकच आकडा बघून उपयोग नाही. तीन ठिकाणी बघायचा: गरम इंजिनाच्या आयडलिंगला, उभ्या गाडीवर २५०० आरपीएमला, आणि चढावर सावकाश ओढताना. कारण ब्लोअरवाल्या गाडीत हवेच्या मार्गाचे तीन तुकडे असतात आणि प्रत्येक तुकड्यातली गळती वेगळी वागते.

पहिला तुकडा एअरफ्लो सेन्सरपासून (आत जाणारी हवा मोजणारा) ब्लोअरपर्यंत. इथे कायम ओढ असते. इथे चीर पडली की न मोजलेली हवा आत शिरते, आयडललाही आणि लोडलाही. ट्रिम सगळीकडे प्लसमध्ये जातात.

दुसरा तुकडा ब्लोअरपासून इंटरकूलरमार्गे (दाबलेली हवा थंड करणारा) थ्रॉटलपर्यंत. आयडलला बायपास उघडा असल्याने इथे जवळजवळ बाहेरच्या हवेइतकाच दाब असतो, म्हणून गळती दिसत नाही. बूस्ट आला की मोजलेली हवा बाहेर पळते. ईसीयू मोजलेल्या हवेच्या हिशोबाने पेट्रोल टाकतो, हवा मात्र तेवढी पोचत नाही. गाडी रिच होते, धूर काळा येतो. इंटरकूलरच्या रबरी बुटांचे क्लॅम्प हे इथलं नेहमीचं ठिकाण.

तिसरा तुकडा थ्रॉटलच्या पुढे मॅनिफोल्डपर्यंत. आयडलला इथे व्हॅक्यूम असतो, म्हणून हवा आत शिरते आणि लीन कोड येतो. दाबलं की तीच चीर हवा बाहेर सोडते. म्हणजे एकाच भोकामुळे गाडी आयडलला लीन आणि लोडला रिच! ट्यूनरने अशा गाडीला सरसकट पाच टक्के पेट्रोल वाढवून दिलं की आयडल थोडा सुधारतो आणि वरची बाजू आणखी बिघडते.

एका ओळखीच्या गृहस्थांच्या सी २०० के चे आकडे देतो. फाइल एकापेक्षा जास्त वेळा बदलून झालेली, दर वेळी थोडं पेट्रोल वाढवून.

आयडल: शॉर्ट +६, लाँग +१६.
उभ्या गाडीवर २५०० आरपीएम: शॉर्ट +१, लाँग +७.
चढावर, हलक्या बूस्टमध्ये: शॉर्ट ०, लाँग +५.

आयडलला बावीस टक्के आणि लोड वाढेल तसा उतार. चीर ठरावीक मापाची असते. आयडलला इंजिन हवाच थोडी घेतं, म्हणून तिथे चोरट्या हवेचा वाटा मोठा दिसतो, पुढे तो बुडून जातो. हा उतार दिसला की थ्रॉटलच्या पुढे शोधायचं. एअरफ्लो सेन्सर घाण झाला असता किंवा पंप कमजोर असता तर चित्र उलटं दिसलं असतं: आयडल बरा आणि लोडला ट्रिम चढता. चांगला स्कॅनर असेल तर या गाड्यांच्या ईसीयूत आयडलची भर आणि लोडचा गुणक हे दोन वेगळे आकडेही दिसतात. भर मोठी तर गळती, गुणक मोठा तर सेन्सर, पंप किंवा पेट्रोल.

एम२७१ वर या जागी पहिला संशयित म्हणजे क्रँककेस ब्रीदरचे, म्हणजे इंजिनातली तेलाची वाफ परत आत नेणारे, पाइप. मॅनिफोल्डच्या मागच्या बाजूला, वरून दिसत नाहीत अशा जागी जातात. गरमी आणि तेलाची वाफ खाऊन प्लॅस्टिक-रबर कडक होतं आणि वाकणाच्या आतल्या बाजूने तडकतं. वरून पाइप धडधाकट दिसतो. बोटाने वाकाच्या खालून चाचपलं की चीर नखाला लागते आणि बोटावर काळं चिकट तेल येतं. आयडलला बारीक शिट्टी ऐकू येत असेल तर तीच ही. या गाडीत पाइप तिथेच तडकलेला होता.

स्मोक मशीन मिळालं तर उत्तम, पण स्मोकचा दाब अगदी कमी असतो. बूस्टखाली उघडणारी चीर त्यात दिसत नाही. त्यासाठी ब्लोअरच्या तोंडाला झाकण बसवून रेग्युलेटरमधून ०.३ बार हवा सोडायची आणि साबणाचं पाणी मारायचं. टायरच्या दुकानातला पाइप थेट लावू नका. तो दाब सील उडवून टाकेल. आणि चालू, गरम इंजिनावर कार्ब क्लीनर फवारून गळती शोधायची जुनी खोड सोडा, एक्झॉस्ट मॅनिफोल्ड हातभर अंतरावर असतो.

ईट्वेंटीचा हिशोब वेगळा काढा

पाइप बदलल्यावर, शिकलेली ॲडाप्टेशन पुसून, गावात आणि हायवेवर मिळून साठ-सत्तर किलोमीटर फिरवल्यावर तिन्ही ठिकाणी बेरीज +५ च्या आसपास आली. सगळीकडे सारखी. मालकांना वाटलं अजून काहीतरी गळतंय. गळत काही नव्हतं, टाकीत ईट्वेंटी, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल होतं.

साध्या पेट्रोलला पूर्ण जळायला वजनाने १४.७ पट हवा लागते, इथेनॉलला ९ पट. २० टक्के इथेनॉल मिसळलं की हा आकडा १३.५ वर येतो, १० टक्क्यांवर तो १४.१ असतो. म्हणजे ईटेनच्या (१० टक्के इथेनॉलच्या) काळात केलेल्या ट्यूनला आता चार टक्के जास्त इंधन लागतं, आणि बिनइथेनॉलच्या पेट्रोलवर केलेल्या किंवा बाहेरच्या देशातून आणलेल्या फाइलला आठ-नऊ टक्के. ईट्वेंटी फेब्रुवारी २०२३ मध्ये काही पंपांवर सुरू झालं आणि २०२५ मध्ये जवळजवळ सगळीकडे आलं. त्याआधीची फाइल असेल तर ‘काही न करता गाडी बिघडली’ ही तक्रार खरी असू शकते.

हलक्या लोडला ऑक्सिजन सेन्सर ही तूट भरून काढतो. फूल थ्रॉटलला गाडी ओपन लूपमध्ये जाते, म्हणजे सेन्सरची दुरुस्ती सोडून फाइलमधल्या आकड्यांवर चालते. तिथे ०.८५ लॅम्ब्डाचं (१ म्हणजे नेमकं पुरेल एवढी हवा, त्याखाली रिच, वर लीन) लक्ष्य असेल आणि इंधन आठ टक्के कमी पडत असेल तर प्रत्यक्षात ०.९२ होतं. बूस्टखाली ते धोक्याचं आहे. इथेनॉलमुळे नॉकिंगला (मिश्रण अवेळी आपोआप पेटण्याला) विरोध वाढतो आणि हवा थोडी थंडही होते हे खरं, पण त्या भरवशावर लीन चालवू नका.

टाकीत किती इथेनॉल आहे ते घरी बघता येतं. १०० मिलीचं उभं मोजपात्र घ्या, त्यात १० मिली पाणी आणि ९० मिली पेट्रोल. तोंड बंद करून हलवा आणि पाच-दहा मिनिटं ठेवा. इथेनॉल पाण्यात उतरतं आणि खालचा थर फुगतो. तो २८ च्या आसपास आला तर २० टक्के, १९ च्या आसपास तर १०. हे उघड्यावर करा, आणि ते पेट्रोल परत टाकीत ओतू नका.

आणखी एक. वाइडबँडचा (मिश्रण नेमकं मोजणाऱ्या ऑक्सिजन सेन्सरचा) गेज १२.५ दाखवतो तेव्हा तो मुळात लॅम्ब्डा मोजून त्याला १४.७ ने गुणतो. पेट्रोल बदललं तरी त्याला ते कळत नाही. म्हणून ट्यूनरशी बोलताना एअर-फ्युएल रेशो सोडा आणि लॅम्ब्डात बोला. अर्ध्या वादावाद्या तिथेच संपतात.

लीन दिसतं ते लीन असेलच असं नाही

वर सांगितलेल्या गाडीची गळती गेली तरी वरचे झटके राहिले. डायनोवर (गाडी रोलरवर चालवून ताकद मोजायच्या यंत्रावर) फूल थ्रॉटलला ४५०० आरपीएमच्या पुढे वाइडबँड ०.९६ दाखवत होता. हा आकडा बघून कुणीही पेट्रोल वाढवेल. आधीच्या फाइलींमध्ये तेच झालेलं होतं.

मग प्लग काढले. चारही काळे, मऊ काजळी धरलेले, बोटाला लागेल अशी. लीन चालणाऱ्या इंजिनाचे प्लग असे नसतात. ते पांढरट, कोरडे असतात. फीलर गेज घातला तर गॅप १.१ मिलीमीटरच्या वर उघडलेला. बूस्टखाली सिलिंडरमधला दाब वाढतो, ठिणगीला तो गॅप ओलांडायला जास्त व्होल्टेज लागतं, कॉइलची ताकद पुरत नाही, आणि ठिणगी पडतच नाही. त्या सिलिंडरमधली हवा-पेट्रोल न जळता एक्झॉस्टमध्ये जातं. ऑक्सिजन सेन्सरला पेट्रोल नीट दिसत नाही, न वापरलेला ऑक्सिजन मात्र लगेच दिसतो. तो ओरडतो: लीन! ट्यूनर पेट्रोल वाढवतो, प्लग आणखी काळे होतात, मिसिंग वाढतं, सेन्सर आणखी लीन दाखवतो. हे दुष्टचक्र मी जितक्या ब्लोअरवाल्या गाड्यांत पाहिलंय तितकं दुसरं काहीच पाहिलेलं नाही.

नवे प्लग टाकले, गॅप ०.७५ वर आणला. तीच फाइल, तोच डायनो, आणि वाइडबँडवर ०.७६. म्हणजे एवढ्या वेळा वाढवलेलं पेट्रोल आता उघडं पडलं. ०.७६ वर गाडी काळा धूर सोडते, सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुतलं जातं, ताकदही पडते.

म्हणून फूल थ्रॉटलचा लीन आकडा खरा धरण्याआधी स्कॅनरवर सिलिंडरप्रमाणे मिसफायरची मोजणी बघा. एकाच सिलिंडरला मिसिंग असेल तर कॉइल शेजारच्या सिलिंडरला लावा. मिसिंग कॉइलबरोबर सरकलं तर कॉइल, जागेवर राहिलं तर प्लग, इंजेक्टर किंवा कॉम्प्रेशन. कॉम्प्रेशन थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवून घ्यायचं, आणि बॅटरी भरलेली हवी. चार सिलिंडरमधला फरक १०-१५ टक्क्यांत असेल तर पुढे चला. त्याहून जास्त असेल तर ट्यूनचा विषय तिथेच थांबवा.

खरंच पेट्रोल कमी पडतंय का

मिसिंग नाही, गळती नाही आणि तरी वर लीन? तेव्हा इंधन आणि एअरफ्लो सेन्सर.

इंजेक्टरचं गणित सोपं आहे. ६००० आरपीएमला दोन फेऱ्यांना २० मिलिसेकंद लागतात. लॉगमध्ये इंजेक्टर १७ मिलिसेकंद उघडा दिसला तर तो ८५ टक्के वेळ उघडा आहे. त्याच्या वर काही शिल्लक नाही. छोटी पुली, ईट्वेंटी आणि मूळ इंजेक्टर अशी तिकडी असेल तर इथेच गाडी अडते आणि कुठलीही फाइल ती सोडवू शकत नाही. इंजेक्टरला वेळ शिल्लक असेल तर फ्युएल प्रेशर लोडखाली बघा. आयडलला बरोबर आणि दाबलं की घसरतं असं असेल तर आधी फिल्टर, मग पंप आणि त्याची वायरिंग.

एअरफ्लो सेन्सरचा अंदाज साध्या गुणाकाराने येतो. फूल थ्रॉटलला ग्रॅम प्रति सेकंदाचा आकडा सव्वापट केला की ढोबळ हॉर्सपॉवर निघते. १६३ हॉर्सपॉवरच्या गाडीला १३० च्या आसपास दिसायला हवेत. ९०-९५ दिसले आणि गाडी लीन असेल तर सेन्सर कमी सांगतोय. गाडी लीन नसेल तर सेन्सर खरं बोलतोय, हवाच कमी जातेय: फिल्टर, बेल्ट, बायपास. पुण्यात, साडेपाचशे मीटर उंचीवर, आकडा मुंबईपेक्षा पाच-सहा टक्के कमी येणारच, तो बिघाड धरू नका. तेल लावून वापरायचे कापडी फिल्टर असतील तर ते तेल सेन्सरवर बसतं. सेन्सरसाठीचाच स्प्रे मारा. ब्रेक क्लीनर नको.

टाइमिंग मागे जातंय

मिश्रण जाग्यावर आलं आणि तरी गाडी सुस्त असेल तर लॉगमध्ये नॉक रिटार्ड बघा, म्हणजे नॉकिंग ऐकून ईसीयूने टाइमिंग (ठिणगीची वेळ) किती डिग्री मागे घेतलं ते. एखाद-दुसरी डिग्री अधूनमधून गेली तर चालतं. चारही सिलिंडरना सतत चार-पाच डिग्री जात असेल तर हवा गरम आहे, पेट्रोल हलक्या दर्जाचं आहे किंवा फाइलमध्ये टाइमिंग जास्त मागितलंय. एकाच सिलिंडरला जात असेल तर त्या सिलिंडरपुरतं काहीतरी आहे.

एम२७१ ला इथे एक खास कटकट आहे: टायमिंग चेन. ती ताणली की थंड स्टार्टला दोन-तीन सेकंद खडखड येते आणि कॅम मागे पडतो. कॅम-क्रँकचा मेळ चुकल्याचा पी००१६ सारखा कोड त्याच्याबरोबर येऊ शकतो. चेनची खडखड नॉक सेन्सरला नॉकिंगसारखी ऐकू येते आणि ईसीयू उगाच टाइमिंग मागे घेतो. सैल हीट शील्डही हेच करते, ती आधी हलवून बघा, फुकटचं काम आहे. तिथेच कॅम ॲडजस्टरच्या मॅग्नेटचे वायरिंगचे कनेक्टरही काढून बघा. आतल्या पिनांवर तेलाची चकाकी दिसली तर तेल वायरिंगमधून पुढे चालत जातंय. ऑक्सिजन सेन्सरच्या कनेक्टरपर्यंत आणि वेळ पडली तर ईसीयूपर्यंत. तेल पोचलेला सेन्सर वाटेल ते आकडे देतो आणि मग वर लिहिलेलं सगळं ट्रिमपुराण व्यर्थ. म्हणून जुनी गाडी घेतली की मी हे दोन कनेक्टर सगळ्यात आधी उघडायला सांगतो.

उरली गरमी. ४० डिग्रीची हवा अर्धा बार बूस्टने दाबली तर रूट्स ब्लोअरच्या तोंडातून ती १०५-११० डिग्रीला बाहेर पडते. ती खाली आणायचं काम इंटरकूलरचं. चालत्या गाडीत इंटरकूलरनंतरचं तापमान बाहेरच्या हवेपेक्षा २०-२५ डिग्री वर असेल तर ठीक. मे महिन्यात घाट चढताना ७० दिसायला लागले की ईसीयू टाइमिंग मागे घेणार, आणि घ्यायलाच हवं. १० टक्के छोटी पुली ब्लोअर ११ टक्के जोरात फिरवते, पण गरमी त्याहून जास्त वाढवते आणि ब्लोअर फिरवायला लागणारी ताकद क्रँककडूनच जाते. थंडीत सकाळी डायनोवर मिळालेले दहा-बारा हॉर्सपॉवर उन्हाळ्याच्या दुपारी कुठे जातात ते इथे कळतं. इंटरकूलर काढून त्याच्या पुढची पानं, किडे, चिखल धुतला तरी फरक पडतो. आतून तेल धरलं असेल तर आतूनही.

आता फाइल

इथपर्यंत आल्यावर पहिलं काम म्हणजे मूळ फाइल परत टाकणं. पुली छोटी असेल तर आधी मूळ पुलीही. मूळ फाइल आणि मूळ पुलीवर ट्रिम, मिसफायर आणि रिटार्ड जाग्यावर आले की गाडी निरोगी आहे हे सिद्ध झालं. मगच ट्यूनरकडे, आणि हातात लॉग घेऊन.

त्याला काय सांगायचं? फूल थ्रॉटलला लॅम्ब्डा ०.८२ ते ०.८५ हवा, आणि तो आज मिळणाऱ्या पेट्रोलवर मोजलेला. हवा गरम झाल्यावर टाइमिंग मागे घेणारा टेबल पुसायचा नाही. नॉक कंट्रोल बंद करायचा नाही. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि प्रत्येक बदलाचा लॉग द्यायचा. जुन्या आणि नव्या दोन्ही फाइलींची प्रत मालकाकडे राहील. ‘पी०१७१ येतोय ना, कोड ऑफ करून देतो’ असं कुणी म्हणालं तर चावी परत घ्या. ते म्हणजे ताप मोजायचा थर्मामीटर फेकून देणं झालं. कोड ऑफ केलेली गाडी पुढच्या मालकाच्या गळ्यात पडते आणि त्याला काहीच कळत नाही.

फूल थ्रॉटलचे लॉग डायनोवर घ्या. डायनोचा पंखा रस्त्यावरच्या वाऱ्याइतका नसतो, म्हणून दोन पुलच्या (फूल थ्रॉटलच्या फेऱ्यांच्या) मध्ये इंटरकूलर थंड होऊ द्या, नाहीतर तिसऱ्या पुलला टाइमिंग मागे जाईल आणि फाइलला दोष लागेल. ट्रिम आणि तापमानाचे लॉग रस्त्यावर घेता येतात, पण मोबाइल शेजारच्याच्या हातात द्या.

वरच्या गाडीला शेवटी मूळ पुली ठेवली. मालकांचं रोजचं जाणं-येणं कात्रजच्या बाजूला, दुपारच्या ट्रॅफिकमध्ये. इंजेक्टर, पंप आणि मोठा इंटरकूलर घालून छोटी पुली सांभाळण्याइतका खर्च त्यांना करायचा नव्हता. फाइलमध्ये फक्त ईट्वेंटीची तूट भरली आणि मधल्या आरपीएमला थोडं टाइमिंग दिलं. ट्रिम आता शून्याच्या आजूबाजूला असतात. पुढच्या सर्व्हिसला प्लगचा गॅप बघायचा आणि चेनचा आवाज ऐकायचा, एवढं जॉबकार्डवर लिहून ठेवलंय.